रोपवाटिकेचे धनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा 'फुटबॉल क्लबांचे धनाढ्य मालक आणि त्यांनी मुलांसाठी उभारलेल्या प्रबोधिनी' असे मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, फार तर इतिहास, असे काहीतरी त्यांना अपेक्षित असावे. मी काही क्रीडापंडित नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात घालविलेला मी एक साधा माणूस आहे. परंतु या विषयाकडे मला ओढणारे एक घरगुती कारण आहे. ते मी शेवटी सांगेन. आधी आपण जरा दूर, इंग्लंडातील एका गिरणगावात जाऊ.

त्या गावाचे नाव ब्लॅकबर्न. परगणा लँकेशायर. कापडगिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे आणि झोपणारे हे गाव. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले महात्मा गांधी याच गावाला लागून असलेल्या डार्वेनला गेले होते. आपल्याकडील परदेशी कापडावरील बहिष्काराची झळ ज्या कामगारांना लागली होती, त्यांना ते मुद्दाम भेटले. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.

या गावाचा फुटबॉल क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स. स्थापना १८७५ सालची. १८८८ साली इंग्लंडात फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. १९१२ आणि १९१४ साली विजेतेपद मिळाले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि गावाबरोबर क्लबलाही उतरती कळा लागली.

अशा वेळी जॅक वॉकर पुढे आले. ते याच गावचे. वडिलांचा पत्र्याचा छोटा धंदा त्यांनी भावाच्या साथीने पोलादाच्या मोठ्या व्यापारात वाढविला आणि १९८९ साली तो ब्रिटिश स्टीलला तीस कोटींहून अधिक पौंडांना विकला. लहानपणापासून ज्या क्लबचे वेड, तो क्लब त्यांनी १९९१ च्या आरंभी ताब्यात घेतला. केनी डाल्ग्लिश यांना व्यवस्थापक नेमले. १९९२ साली अ‍ॅलन शियरर यांना, १९९४ साली ख्रिस सटन यांना आणले. सटनसाठी मोजलेले ५० लाख पौंड हा त्या काळी ब्रिटनमधील विक्रम होता. फळही आले. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर शेवटचा सामना हरले, पण त्याच दुपारी मँचेस्टर युनायटेडला बरोबरीवर समाधान मानावे लागले आणि अवघ्या एका गुणाने रोव्हर्स इंग्लंडचे विजेते ठरले. एक्क्याऐंशी वर्षांनी!

लोक म्हणाले, वॉकरनी विजेतेपद विकत घेतले. म्हणणे अगदीच खोटे नव्हते. १९९६ साली शियरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेले. विजयानंतर चारच वर्षांनी, १९९९ साली, क्लब खालच्या श्रेणीत घसरला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर निवर्तले. विकत घेतलेले मोठे झाड दुसऱ्याच्या अंगणात लावले, की एक-दोन हंगाम सावली मिळते. मूळ धरीलच याची शाश्वती नसते.

मात्र त्यांच्याच पैशातून आणखी एक गोष्ट उभी राहिली होती, आणि तिच्याकडे त्या जल्लोषात फार कोणाचे लक्ष गेले नव्हते. गावाबाहेर ब्रॉकहॉल येथे, जेथे पूर्वी मतिमंदांचे मोठे रुग्णालय होते त्या परिसरात, सरावाची मैदाने आणि मुलांची प्रबोधिनी तयार झाली. १९९७ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मुलांच्या प्रशिक्षणाची नवी घडी बसविली आणि त्यानंतर अशा प्रबोधिनी देशभर निघाल्या. आठव्या-नवव्या वर्षी मुलाची नोंदणी, आठवड्यातून काही संध्याकाळी सराव, सोळाव्या वर्षी निवड झाल्यास शिक्षणासह दोन वर्षांची शिष्यवृत्ती, आणि अठराव्या वर्षी एकतर व्यावसायिक करार, नाहीतर निरोप. सर्वसाधारण क्रम हा असा. २०१२ साली प्रबोधिनींच्या चार प्रती ठरविण्यात आल्या. पहिल्या प्रतीसाठी आच्छादित मैदान, पूर्णवेळ शिक्षक, वैद्यकीय सोय, शालेय शिक्षणाची व्यवस्था, असे सारे लागते. लहान गावच्या क्लबला हा खर्च सोपा नाही.

आता माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. कंटाळू नका, दोन मिनिटांत आटोपतो. समजा, एका क्लबने पाच कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला. वहीत ही रक्कम एकदम खर्ची पडत नाही. दरसाल एक कोटी याप्रमाणे विभागून लिहितात. दोन वर्षांनी त्याला विकले, तर वहीत त्याची तीन कोटी किंमत शिल्लक असते आणि त्यावरचे जे मिळेल तेवढाच नफा. परंतु घरच्या प्रबोधिनीत वाढलेल्या मुलाची वहीतील किंमत शून्य! तो विकला, की जवळजवळ सगळीच रक्कम नफ्याच्या रकान्यात. शिवाय २०१३ साली इंग्लंडच्या वरिष्ठ लीगने तोट्यावर मर्यादा घातली, तेव्हा प्रबोधिनीवरील खर्च त्या मोजणीतून वगळला. अरबी राजघराण्यातील मालकाच्या मँचेस्टर सिटीने २०१४ साली, जुन्या कारखान्यांनी नासलेली ऐंशी एकर जमीन साफ करून सुमारे २० कोटी पौंडांचे संकुल उघडले, त्यामागे मुलांविषयीचे प्रेम असेलही, पण हिशेबही होताच. तेथेच वाढलेला कोल पामर २०२३ साली चेल्सीला चार कोटी पौंडांना विकला गेला. धनिकांच्या औदार्याला हात जोडण्यापूर्वी खतावणी उघडून पाहावी, ही माझी खोड तुम्ही समजून घ्यालच.

पण म्हणून त्या मैदानाचे मोल कमी होते काय? मला तसे वाटत नाही. ब्लॅकबर्नचाच पुढचा इतिहास पाहा. येथे आपल्या महाराष्ट्राचाही संबंध येतो. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुटपालन उद्योगाने, म्हणजे आपण ज्याला 'वेंकीज' म्हणून ओळखतो त्या घराण्याने, विकत घेतला. वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून मराठी माणसाची छाती थोडी फुगलीच असेल. पण पुढे काय झाले? थोड्याच आठवड्यांत अनुभवी व्यवस्थापकाला नारळ दिला गेला, आणि मे २०१२ मध्ये क्लब वरिष्ठ लीगमधून खाली आला. त्या सामन्यात एका संतप्त प्रेक्षकाने क्लबच्या रंगांचे फडके गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ साली क्लब आणखी एक पायरी उतरला. पुढल्याच वर्षी तेथून वर आला, परंतु वरिष्ठ लीग त्याला पुन्हा दिसली नाही. मालकांनी वर्षानुवर्षे तोटा भरून काढला, हेही खरे. तरी लोकांचा राग गेला नाही, हेही खरे. नुसता पैसा ओतून दूर देशीच्या गावाचे मन मिळत नाही, हा धडा घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना वेगळा शिकवायला नको.

आणि या पडझडीत ब्रॉकहॉलची रोपवाटिका मात्र चालू राहिली. आयर्लंडहून कोवळ्या वयात तेथे आलेला डॅमियन डफ वॉकर यांच्या काळातच पहिल्या संघात आला आणि २००३ साली सुमारे १ कोटी ७० लाख पौंडांना चेल्सीला गेला. २०११ साली फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला. स्पेनहून सोळाव्या वर्षी आलेला डेव्हिड राया हा गोलरक्षक येथेच घडला आणि पुढे आर्सेनलपर्यंत पोहोचला. आणि ब्लॅकबर्न गावातच जन्मलेला, सहाव्या वर्षापासून या क्लबकडे खेळणारा अ‍ॅडम व्हॉर्टन फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला गेला. मे २०२५ मध्ये पॅलेसने इंग्लंडचा मानाचा एफ. ए. कप जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात तो खेळत होता. वॉकर गेले, मालक बदलले, विजेतेपद जुने झाले. मैदानावर संध्याकाळी उतरणारी पोरे मात्र येतच राहिली.

आपल्या देशात हा विचार एका पोलादनगरीत रुजला, हाही एक योगायोगच. जमशेदपूर येथे १९८७ साली टाटा फुटबॉल अकादमी सुरू झाली. तेव्हा टाटांकडे व्यावसायिक लीगमधला क्लब नव्हता. 'जमशेदपूर एफ. सी.' आला २०१७ साली. म्हणजे येथे रोपवाटिका आधी आणि बाग तीस वर्षांनी. मणिपूरचा रेनेडी सिंग, बंगळूरचा कार्लटन चॅपमन, गोव्याचा महेश गवळी असे निरनिराळ्या मुलखांतले मुलगे तेथे एका आवारात वाढले आणि देशाकडून खेळले. घरापासून शेकडो कोस दूर वाढणाऱ्या मुलांची ही गोष्ट, आपल्या वसाहतींतील मुलांनाही जवळची वाटावी.

येथवर मी वर गेलेल्या मुलांची नावे घेतली. नावे नेहमी त्यांचीच घेतली जातात. पण रोपवाटिकेत शंभर रोपे लावली, तर बागेत किती जातात? प्रबोधिनीत आलेली बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. नवव्या वर्षापासून ज्याला 'तू आमचा' असे सांगितले, त्याला सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी 'आता तू आमचा नाहीस' असे सांगण्यात येते. ताळेबंदात त्या मुलासाठी रकाना नाही.

आता ते घरगुती कारण. माझा धाकटा मुलगा तेराव्या वर्षी एका निवासी क्रीडाकेंद्रात निवडला गेला. केंद्राचे नाव घेत नाही. राग नाही, आणि नावाने काही साधणारही नाही. आम्ही पेढे वाटले. त्याच्या आईने शेव-चिवड्याचा डबा भरून दिला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. तीन वर्षांनी दोन ओळींचे पत्र आले: अपेक्षित प्रगती नसल्याने प्रवेश पुढे चालू ठेवता येत नाही. मी आयुष्यभर असल्या भाषेत पत्रे लिहिली आहेत. ती वाचणाऱ्याच्या हाताला कसा कंप सुटतो, हे त्या दिवशी कळले.

मुलगा परत आला. बूट माळ्यावर टाकले. कोणाशी बोलेना, जेवायला ताटावर येईना. दहावीची परीक्षा तोंडावर, आणि गणितात तीन वर्षांचे भगदाड. आमची इथे बदली होऊन वर्षही झाले नव्हते. नातेवाईक हजार मैलांवर. अशा वेळी याच मंडळातले एक वडीलधारे गृहस्थ, आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू, एके संध्याकाळी घरी आले. "वहिनी, चहा नंतर. आधी बाळाला वही घेऊन पाठवा," एवढेच म्हणाले. सहा महिने ते रोज येत राहिले. त्यांनी कधी फुटबॉलचा विषय काढला नाही. पण त्या वर्षीच्या गणेशोत्सवात लहान मुलांच्या शर्यती घ्यायला त्याच्या हाती शिट्टी दिली. आज तो एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. संघात न घेतलेल्या मुलांसाठी तो शाळा सुटल्यावर तासभर थांबतो, असे त्याच्या मुख्याध्यापकांनी मला सांगितले, तेव्हा काका आपल्यात नव्हते. त्यांना हे सांगायचे राहून गेले.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने २०२१ साली एक योजना जाहीर केली. प्रबोधिनीतून निरोप मिळालेल्या अठरा वर्षांवरील तरुणांची पुढे तीन वर्षे विचारपूस करायची, शिक्षणाला वा नोकरीला हात द्यायचा. बातमी वाचली आणि मला काकांची आठवण झाली. कोट्यधीश क्लबांपैकी एकाला जे २०२१ साली सुचले, ते एका निवृत्त कारकुनाने कोणताही ठराव न करता त्याच्या कितीतरी आधी केले होते.

म्हणून धनिकांच्या प्रबोधिनीचे मोल मी दोन प्रश्नांनी मोजतो. मालक गेल्यावर मैदान राहिले का? आणि जे मूल परत आले, त्याच्यासाठी दार उघडे होते का? पहिल्या प्रश्नात वॉकर उत्तीर्ण झाले. दुसऱ्यात फार थोडे होतात.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. सुवर्णमहोत्सवी निधीतून रंगमंचाला नवा पडदा यावा, सभागृहाच्या छताची डागडुजी व्हावी, हे सारे योग्यच आहे; त्याचा जमाखर्च मी आनंदाने तपासून देईन. परंतु त्या निधीचा एक लहानसा भाग दरवर्षी वेगळा ठेवावा, अशी माझी कार्यकारी मंडळाला नम्र विनंती आहे. बक्षिसे मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार आपण करतोच. हा भाग त्यांच्यासाठी नसावा. परीक्षेतून, खेळातून, नोकरीच्या निवडीतून जो मुलगा वा जी मुलगी मान खाली घालून परत येईल, त्यांच्या शिकवणीसाठी, पुस्तकांसाठी, आणि कोणीतरी संध्याकाळी त्यांच्या दारात जावे यासाठी तो असावा. पहिल्या वर्षीची रक्कम मी काकांच्या स्मरणार्थ आजच चिटणीसांकडे देत आहे. पावतीवर माझे नाव नसले तरी चालेल.