तेरची पांढर आणि माझ्या पाकिटातला मणी

मागच्या वर्षी ऑनसाइटला असताना इंग्लंडमधलं बाथ बघितलं. गरम पाण्याचा झरा आणि त्यावर रोमनांनी बांधलेलं स्नानगृह. मला सगळ्यात आवडले ते शिशाचे पातळ पत्रे. अंघोळीला आलेल्या माणसाचा अंगरखा चोरीला गेला, की तो पत्र्यावर देवीकडे तक्रार कोरायचा, पत्रा गुंडाळायचा आणि झऱ्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे सापडलेत. सपोर्ट तिकीटच की हो!

तिथं उभा असताना मला आजोळ आठवलं. तेर. धाराशिवपासून वीसेक किलोमीटर, तेरणेच्या काठावर. 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जातं. तगर नेमकं कुठलं यावर बराच वाद झाला. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं, आणि आता तेच मानलं जातं.

तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, पाँपेईत मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच तिथं पोचली होती. विचार करा!

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे.

आता माझी गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला की आम्ही पोरं पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी वेचायचो. त्यातला लाल अकीकाचा एक अजून माझ्या पाकिटात आहे. मामेभाऊ म्हणतो, ऑनलाइन टाक, चांगले पैसे येतील. मामांनी मात्र एकच विचारलं, "कुठल्या टेकाडावर घावला रे?"

मला सांगता आलं नाही. टाइमस्टॅम्प नसलेली लॉगची ओळ समोर आली तर मी टीममध्ये आरडाओरडा करतो. आणि इथं मीच ती ओळ तोडून वीस वर्षं खिशात घेऊन फिरतोय.

दिवाळीत मणी संग्रहालयात नेऊन दाखवणार आहे. आजीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मला बी ने की. सारा जन्म गावात गेला, पर आत काही गेले न्हाई."