गाडीचा आवाज ओळखा, मग खर्चाचं बोला

बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण एरवी हप्ते, व्याज आणि वह्या यांच्याबद्दल बोलतो. आज मी बोलणार आहे घरातल्या मोटारसायकलबद्दल आणि तिच्या इंजिनातून येणाऱ्या खडखडीबद्दल. हा विषय बायकांचा कसा, असं कुणाला वाटेल. त्यांनी आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडावं. दवाखाना, शाळेची फी, बी-बियाणं, आणि त्याच्याच खाली ‘गाडी दुरुस्ती’ असं लिहिलेलं सापडेल. ते पैसे आपल्या सगळ्यांच्या बचतीतले असतात. गाडी बंद पडली की डेअरीला जाणारं दूध, मार्केट यार्डात जाणारी भाजी आणि दवाखान्यात न्यायची सासूबाई, सगळं एकदम अडतं.

आमचं पुणे शहर तर दुचाकींचंच. 2018 साली इथल्या गाड्या 36 लाखांच्या पुढे गेल्या, म्हणजे माणसांपेक्षा जास्त झाल्या. त्यातल्या जवळपास 27 लाख दुचाकी होत्या. लूना याच भागातल्या कंपनीनं 1972 मध्ये आणली आणि कितीतरी बायका पहिल्यांदा तिच्यावर बसून स्वतःच्या कामाला गेल्या. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात आज बायकांच्या हातून मोटारसायकली जुळवल्या जातात. त्यांना जमतं तर आपल्याला निदान आवाज ओळखता यायला हरकत नाही.

आणि आवाज ओळखण्यात आपण काही कच्च्या नाही. कुकरची शिट्टी अडकली, मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही, शिलाई मशीनला तेल कमी पडलं, हे आपल्याला दुसऱ्या खोलीतून कळतं. आपल्या भाषेत मोटारसायकलचं जुनं नावच आवाजावरून पडलंय, फटफटी. खडखड, खरखर, टिकटिक, टणटण, ठकठक असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत. पण गॅरेजमध्ये गेल्यावर आपण म्हणतो, “आवाज येतोय, बघा जरा.” डॉक्टरकडे जाऊन नुसतं “दुखतंय” म्हणण्यासारखं झालं हे. मग कारागीर अंदाजानं एकेक भाग बदलत जातो. दर वेळी त्यात फसवणूक असते असं नाही. आपणच त्याला काही धागा दिलेला नसतो.

म्हणून गटाची जशी पंचसूत्री असते, तशी आवाजाचीही पंचसूत्री करू. हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न, आवाज कधी येतो? सकाळी गार गाडी सुरू करताना येतो आणि तापल्यावर जातो, की तापल्यावरच सुरू होतो?

दुसरा, गाडी डबल स्टँडवर उभी असताना इंजिन चालू केलं तर येतो का? की रस्त्यावर धावतानाच येतो? उभ्या गाडीत अजिबात येत नसेल, तर दोष बहुधा इंजिनाबाहेर, चाक, चेन किंवा मडगार्डकडे असतो.

तिसरा, रेस वाढवली की आवाजही तसाच वाढत जातो, की एका ठराविक रेसला येतो आणि पुढे गायब होतो? ठराविक रेसला येऊन जाणारा आवाज बहुतेक वेळा सैल पत्र्याचा असतो.

चौथा, गाडी न्यूट्रलमध्ये असताना क्लच दाबला की आवाज बदलतो का? बदलत असेल तर क्लचच्या बाजूला बघायचं.

पाचवा, आवाज नेमका कुठून येतो? वरून हेडमधून, बाजूच्या झाकणातून, खालून, की सायलेन्सरकडून? यासाठी कारागिरांची एक साधी युक्ती आहे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवायचं आणि मुठीचा भाग कानाजवळच्या हाडाला लावायचा. डॉक्टरच्या नळीसारखं आतलं ऐकू येतं. जिथे आवाज सर्वात स्पष्ट, तिथे दोष जवळ.

हे करताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. गाडी उघड्यावर चालू करा, बंद खोलीत किंवा पडवीत नको, कारण धुरातला विषारी वायू डोळ्याला दिसत नाही. सायलेन्सरला हात लावू नका. आणि चालू गाडीच्या चेनजवळ फडकं किंवा बोट कधीही नेऊ नका, फडक्याबरोबर बोट आत ओढलं जातं.

आता दुरुस्ती. क्रम असा ठेवायचा, की फुकटचं काम आधी आणि खर्चाचं शेवटी.

सर्वात आधी ऑइल. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. सपाट जागेवर डबल स्टँडवर गाडी सरळ उभी करा आणि पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा. मग ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. बऱ्याच गाड्यांत मोजताना पट्टीचे आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची असते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ते लिहिलेलं असतं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर भरल्याशिवाय गाडी सुरू करू नका. ऑइल कमी असलं की आतले भाग एकमेकांना कोरडे घासतात. म्हणून तापल्यावर वाढणारी खरखर आली की पहिला संशय ऑइलवर घ्या. ऑइल मोटारसायकलचंच आणा. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ असा शिक्का असतो तो पाहा. बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो आणि चारचाकीच्या ऑइलनं तो घसरू शकतो. काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

दुसरं, सैल भाग. इंजिन बंद आणि गार असताना गाडीवर मुठीनं हलकेच ठोकत जा. सायलेन्सरवरचा पत्रा, चेनकव्हर, नंबर प्लेट, लेग गार्ड, मडगार्ड. जे खळखळेल त्याचा बोल्ट आवळा. बोल्ट सारखाच सैल होत असेल तर स्प्रिंग वॉशर घाला. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये घातला तरी चालतो, पण सायलेन्सरवर रबर नको, ते जळतं. तिथे पाइपला लावतात तशी लोखंडी क्लिप आवळून बसवा. इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट मात्र जोर लावून पिळू नका, ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. गाडीवर सर्वात जास्त खडखडणारी वस्तू म्हणजे मागच्या चाकाजवळचं साडी गार्ड. कितीतरी घरांत मुलं “आवाज करतं आणि बरं दिसत नाही” म्हणून ते काढून टाकतात. मैत्रिणींनो, ते शोभेसाठी लावलेलं नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 123 आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण, धरायला मूठ आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असलीच पाहिजे, असं तो सांगतो. पदर चाकात गेला तर बाई मागच्या मागे रस्त्यावर आपटते. गार्ड खडखडत असेल तर आवळा, बोल्ट तुटला असेल तर नवा घाला, पण काढू देऊ नका. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीला ते आहे का, एवढं नक्की बघा.

तिसरं, चेन. चेन खाली लोंबत असेल तर खड्ड्यात आणि गिअर बदलताना ती कव्हरवर आपटते आणि माणसाला वाटतं इंजिन गेलं. गाडी बंद करून खालच्या बाजूला मधोमध चेन बोटानं वरखाली करून बघा. 100 ते 125 सीसीच्या बऱ्याच गाड्यांत साधारण 20 ते 30 मिलिमीटर हालचाल चालते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात बघा. जास्त असेल तर मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवत चेन ओढायची. नट पुन्हा पक्का आवळायचा आणि ब्रेक तपासायचा, मगच गाडी रस्त्यावर आणायची.

एवढं करूनही आवाज राहिला तर तो आतला. शिलाई मशीनसारखी एकसुरी टिकटिक वरून, हेडमधून येत असेल तर ते टॅपेट. टॅपेटमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. बऱ्याच लहान गाड्यांत ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. ती वाढली की टिकटिक होते. इंजिन पूर्ण गार असताना, पिस्टन योग्य खुणेवर आणून, फिलर गेज नावाच्या पातळ पट्टीनं ती मोजतात. हे काम एकदा जाणकाराकडून बघून मगच हातात घ्या. आणि थोडी टिकटिक चांगली असते हे लक्षात ठेवा. आवाज पार बंद व्हावा म्हणून टॅपेट जास्त आवळले, तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. मेकॅनिकला “एकदम शांत करून द्या” असं सांगू नका, “फट पुस्तकाप्रमाणे ठेवा” असं सांगा.

सुरू करताना आणि रेस सोडताना बाजूच्या झाकणातून साखळी हलवल्यासारखी खरखर आली, तर ती टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. हे गॅरेजचं काम आहे आणि ते पुढे ढकलू नये. ही चेन घसरली तर आतला व्हॉल्व्ह वाकू शकतो आणि खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

जुन्या गाडीत सकाळी पोकळ ठकठक येते आणि तापल्यावर जाते, ती सहसा झिजलेल्या पिस्टनची. निळा धूर नसेल आणि ऑइल कमी होत नसेल, तर लक्ष ठेवून काही दिवस चालवता येते. निळा धूर दिसायला लागला की बोअर-पिस्टनच्या खर्चाची तयारी करावी. आणि इंजिनाच्या खालून, रेस दिली की वाढणारी जड ठकठक आली तर तिथेच गाडी बंद करा. ढकलत न्या, टेम्पोत घाला, पण चालवू नका.

पुरंदरच्या मैत्रिणींसाठी एक वेगळा आवाज. अंजीर किंवा सीताफळांचे क्रेट लादून घाट चढताना मोठ्या गिअरमध्ये गाडी कण्हते आणि टणटण वाजते. बहुतेक वेळा तिथे काहीच मोडलेलं नसतं. इंजिनावर झेपत नाही एवढा भार पडलेला असतो. गिअर कमी करा, टणटण थांबते. सपाटीवरही येत राहिली तर मात्र दाखवून घ्या.

आता हे सगळं गटात कशाला, ते सांगते. आमच्या एका गटात एका ताईंनी इंजिन उघडायचंय म्हणून 9,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. नवरा त्याच गाडीवर कुरिअरचं काम करतो. बैठकीत आम्ही हेच पाच प्रश्न विचारले. आवाज एका ठराविक रेसलाच येत होता आणि क्लच दाबून काही फरक पडत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दांडक्याला फडकं गुंडाळून सायलेन्सरचा पत्रा दाबला, तर खडखड बंद. क्लिप, दोन बोल्ट आणि वर टॅपेट सेटिंग, सगळं मिळून 350 रुपयांत काम झालं. दुसऱ्या एका ताईंचं उलट झालं. तापल्यावर खरखर येते असं त्या तीन आठवडे घरात सांगत होत्या, पण “गाडी जुनी आहे, आवाज येणारच” म्हणून कुणी ऐकलं नाही. ऑइलची पट्टी कोरडी निघाली तोवर इंजिन जाम झालं होतं. त्यांचं कर्ज अजून फिटतंय. पहिल्या घरात पाच प्रश्नांनी पैसे वाचले. दुसऱ्या घरात बाईचा कान बरोबर होता, त्यावर विश्वास ठेवायला हवा होता.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक गटानं एक सामाईक डबा करावा. रिंग पान्यांचा एक संच, मोठा स्क्रू-ड्रायव्हर, फिलर गेज, थोडे बोल्ट आणि वॉशर. शहरात आलात तर नाना पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं. डबा सचिवांकडे ठेवावा, नेणारीनं वहीत सही करावी. आणि गाडी दुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला, की अर्जाच्या मागे या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून घ्यावीत. कर्ज नाकारण्यासाठी हे करायचं नाही. खरंच इंजिनाचं काम निघालं तर त्याच बैठकीत पैसे द्यावेत. तोच कागद मेकॅनिकच्या हातात द्यावा आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत.

पुढच्या बैठकीला एका मैत्रिणीची गाडी अंगणात लावा आणि सगळ्या मिळून ऑइलची पट्टी बघा. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या गाडीचा आवाज कसला निघाला, ते कार्यक्रमाला कळवा.