घरातला कामाचा कोपरा

पुण्यातल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. कामाला जायचं म्हणजे घराबाहेर पडायचं, हीच इथल्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि खडकी बाजाराजवळच्या दोन खोल्यांतही ऑफिस शिरलं. काहींचं ते अजून पलंगावरच चालू आहे. पाठीचे हाल तिथेच होतात.

पैसे आधी खुर्चीवर खर्च करा, टेबल नंतर. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. लोंबकळत असतील तर खाली लाकडी पाट ठेवा. आपला जेवायचा जुना पाटही चालतो. टाइप करताना कोपर काटकोनात राहावं. लॅपटॉप मात्र मान खाली ओढतो. म्हणून त्याच्याखाली दोन-चार जाड पुस्तकं रचा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड, माउस वेगळे जोडा.

खिडकी बाजूला हवी. पाठीशी असली की पडद्यावर चकाकी येते आणि मीटिंगमध्ये तुमचा चेहरा काळवंडतो.

आता आवाज. घर पुणे-लोणावळा लोहमार्गालगत असेल, तर गाडीचा खडखडाट पूर्ण थांबणार नाही. खिडकीच्या फटी रबरी पट्टीनं बुजवा, हेडफोनचा माइक तोंडाजवळ घ्या. खोली घुमत असेल तर जाड पडदा लावा, खाली सतरंजी अंथरा.

वीज गेली तरी इंटरनेट टिकावं म्हणून राउटरला छोटी बॅटरी जोडून घ्या. आणि पाठीमागची कपड्यांची दोरी तेवढी मीटिंगपूर्वी उतरवा.