तरुणांचे मनःस्वास्थ्य : यंत्राचे साहाय्य, माणसाचा आधार

(ग्रामपंचायत सदस्य, माध्यमिक शिक्षक व विविध खात्यांचे अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



पाणीपुरवठा, पीकविमा, शाळेचा निकाल या विषयांवर आपण वारंवार एकत्र येतो. आजचा विषय तितकाच निकडीचा असूनही ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो क्वचितच येतो. हा विषय म्हणजे आपल्या तरुण मुलामुलींचे मनःस्वास्थ्य आणि ते राखण्याच्या कामी नव्या तंत्रज्ञानाचा उपयोग.

प्रश्नाचे गांभीर्य प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. याच सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नव्हते.

अंतराचा प्रश्न

उपचार का मिळत नाहीत? पहिले कारण अंतर हे होय. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चार मनोरुग्णालये हाच पूर्वापार या राज्यातील मनोरुग्णसेवेचा मुख्य आधार. भामरागड किंवा धडगावच्या कुटुंबास तेथवर जायचे म्हणजे प्रवासाचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा खोळंबा हे सर्व आलेच. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तो हे अंतर कमी करण्यासाठीच.

दुसरे अंतर मात्र किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते लोकलज्जेचे अंतर आहे. मुलगा गप्प राहू लागला, रात्र रात्र जागू लागला की घरात प्रथम ‘बाहेरची बाधा’ आठवते. मुलीच्या बाबतीत तिच्या लग्नाची चिंता आड येते. परिणामी डॉक्टरपर्यंत जाण्याआधी महिने, कधी कधी वर्षेही निघून जातात.

दूरध्वनीवरील सेवा

या दोन्ही अंतरांवर तंत्रज्ञानाचा उपाय होऊ शकतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते. बंगळूरची ‘निम्हान्स’ ही संस्था तिची मध्यवर्ती मार्गदर्शक आहे. मराठीसह वीस भाषांतून बोलण्याची सोय आहे.

तिची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. आरंभी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो. गरज भासल्यास तो मानसोपचार तज्ज्ञाकडे दूरध्वनी जोडून देतो. प्रत्यक्ष तपासणी किंवा औषधे आवश्यक असतील, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय अथवा ‘ई-संजीवनी’कडे पाठवण्याची व्यवस्था आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत या क्रमांकावर आलेल्या दूरध्वनींची संख्या वीस लाखांवर गेली होती. न बोलणाऱ्या समाजातील एवढी माणसे बोलती झाली, हे मोठेच यश म्हटले पाहिजे.

तथापि, यंत्राने सर्व काही साधेल अशा समजुतीत राहणे धोक्याचे ठरेल. बारावीतील एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. घरात एकच फोन आणि तो वडिलांच्या खिशात. घर दोन खोल्यांचे. दिवसभरात तिला दहा मिनिटांचा एकांत मिळत नसेल, तर अहोरात्र चालणारी सेवा तिच्यापुरती बंदच आहे.

दिल्ली व गोवा येथील अनुभव

या संदर्भात ‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेचे काम उद्‌बोधक आहे. या संस्थेच्या सहभागाने दिल्लीतील सरकारी शाळांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अडचण नेमकी ओळखणे, तिच्यावरील पर्याय शोधणे आणि एक पर्याय करून पाहणे, अशी साधी रीत सांगणाऱ्या पुस्तिका २५० विद्यार्थ्यांना देण्यात आल्या. निम्म्यांना केवळ पुस्तिका मिळाल्या. उरलेल्यांना पुस्तिकेबरोबर समुपदेशकाच्या भेटीही मिळाल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, थोडे प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. सहा आठवड्यांनंतर आजाराच्या लक्षणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु मुलांनी स्वतः निवडलेल्या अडचणींचा भार समुपदेशक लाभलेल्या गटात अधिक हलका झाला होता.

पुढे हीच रीत ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाच्या खेळाच्या रूपाने स्मार्टफोनवर आणली गेली आणि गोव्यातील शाळांत तिची चाचणी झाली. खेळातील गोष्टींमधून मूल रीत शिकते आणि मग ती आपल्या अडचणीस लावून पाहते. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, येथेही मुलाच्या मदतीस समुपदेशक ठेवलेला होता. फोन हे साधन झाले, सोबत माणसाचीच राहिली.

अलीकडे मुले रात्री-अपरात्री कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादयंत्रांशीही मनातील बोलू लागली आहेत. यंत्र रागावत नाही, चारचौघांत वाच्यता करत नाही, म्हणून ते जवळचे वाटते. परंतु जीव धोक्यात असलेल्या मुलाच्या घराचे दार ते ठोठावू शकत नाही. ते काम शेजारी, शिक्षक, आशा सेविका यांचेच.

आपण काय करू शकतो?

सरपंच व सदस्य बंधु-भगिनींना विनंती अशी की, १४४१६ हा क्रमांक ग्रामपंचायत कार्यालय, वाचनालय, एस. टी. थांबा आणि दूध संकलन केंद्र येथे ठळक रंगवून घ्यावा. शाळेत किंवा उपकेंद्रात दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि एक फोन आठवड्यातील ठरावीक वेळी मुलांसाठी मोकळा ठेवावा. यास मोठा निधी लागत नाही. मात्र आत कोण गेले, काय बोलले, याची विचारपूस कोणीही करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. एकदा जरी गोष्ट चावडीवर आली, तरी पुन्हा त्या खोलीकडे कोणी फिरकणार नाही.

शिक्षकांचे स्थान याहून महत्त्वाचे आहे. वर्गात नेहमी पुढे असणारा मुलगा मागच्या बाकावर जाऊन बसू लागला, खेळ सोडला, गैरहजर राहू लागला, तर त्यास एकांतात बोलावून आपुलकीने विचारावे. मरणाचे विचार मनात येतात का, असे विचारल्याने ते विचार मनात शिरतात, हा समज चुकीचा आहे. उलट, विचारणारे कोणी भेटले याने मूल मोकळे होते. मग ‘हा नंबर घे’ एवढे सांगून न थांबता शेजारी बसून फोन लावून द्यावा. दोन दिवसांनी पुन्हा चौकशी करावी. धोका तातडीचा वाटल्यास मुलास एकटे न सोडता पालकांना विश्वासात घेऊन रुग्णालय गाठावे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक असावा आणि टेली-मानससारख्या सेवांचे क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळकपणे लावावेत, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या शाळेत याची पूर्तता झाली आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीने पाहावे.

अधिकारी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, आढावा बैठकीत किती दूरध्वनी आले या आकड्यावर समाधान मानू नये. तज्ज्ञाकडे पाठवलेल्यांपैकी किती मुले प्रत्यक्ष पोहोचली, ग्रामीण रुग्णालयात औषध मिळाले का आणि महिनाभराने त्यांची विचारपूस कोणी केली, हे प्रश्न विचारले जावेत. फोनपासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत मूल हरवले, तर पहिला दूरध्वनी व्यर्थ जातो.

पुढील ग्रामसभेत या विषयास पंधरा मिनिटे द्यावीत आणि खोली कोणती, वेळ कोणती, जबाबदारी कोणाची, हे त्याच सभेत ठरवावे, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.