डेमो चोरीला गेले, गाणी राहिली: ऑलवेजचा अल्बम 'ब्लू रेव्ह'

आजचा एपिसोड उशिरा येतोय. दिवाळीची सुट्टी मध्ये आली हे एक कारण, पण ते खरं नाही. खरं कारण असं की ७ ऑक्टोबर २०२२ला माझ्या सगळ्यात लाडक्या बँडचा नवा अल्बम आला, मी तो पहिल्याच दिवशी ऐकला आणि मला आवडला नाही. पाच वर्षं वाट बघून आवडला नाही! म्हटलं, लगेच माईकसमोर बसून काहीतरी बोलून जायचं नाही. तीन आठवडे ऐकू, मग बोलू.

बँडचं नाव ऑलवेज. कॅनडातल्या टोरंटोचा. सर्च करताना एक लक्षात ठेवा, इंग्रजी स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या जागी दोन व्ही आहेत. अल्बमचं नाव 'ब्लू रेव्ह'.

ज्यांनी हा बँड ऐकलाच नाहीये, त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉली रँकिन गाते, गिटार वाजवते. अ‍ॅलेक ओ'हॅन्ली गिटारवर, केरी मॅक्लेलन कीबोर्डवर. मॉली आणि केरी लहानपणापासूनच्या शेजारणी, केप ब्रेटन नावाच्या बेटावर वाढलेल्या. तिथल्या 'रँकिन फॅमिली' या लोकसंगीताच्या गटात मॉलीचे वडील फिडल वाजवायचे. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलीला चाल वेगळी शिकवावी लागत नाही ना, तसं काहीसं मॉलीचं आहे. गिटारचा कितीही धुरळा उडू दे, खाली चाल पक्की असते. एकदा ऐकली की आंघोळ करताना गुणगुणता येते.

२०१४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्यातलं 'आर्ची, मॅरी मी' तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. २०१७ मध्ये 'अँटीसोशलाइट्स'. आणि मग एकदम शांतता.

का, ते ऐका. मॉलीच्या घरी चोरी झाली आणि नव्या गाण्यांचे डेमो असलेला रेकॉर्डरच चोर घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी तळघरात पाणी शिरलं, बँडची वाद्यं आणि सामान जेमतेम वाचलं. बास आणि ड्रम्स वाजवणारेही बदलले. शेरिडन रायली ड्रम्सवर आले, अ‍ॅबी ब्लॅकवेल बासवर, पण कोविडमध्ये सीमा बंद, त्यामुळे कित्येक महिने एकत्र सरावच नाही.

आता इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर हा अल्बम मला इतका का लागला ते कळणार नाही.

कॉलेजमध्ये आमचा तिघांचा बँड होता. बँड म्हणजे काय, हॉस्टेलची रूम, दोन गिटार आणि एक कहोन. पण चार गाणी आमची स्वतःची होती, मराठीत. रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर. फायनल इयरला तो लॅपटॉप स्लो झाला म्हणून मी फॉरमॅट मारला. गाण्यांचा फोल्डर दुसरीकडे कॉपी केलाय अशी माझी खात्री होती. केला नव्हता. आज मी ऑफिसमध्ये ज्युनिअर लोकांना बॅकअपवर लेक्चर देते, त्याचं मूळ तिथे आहे. कहोनवाला म्हणाला, जाऊ दे. बास वाजवणारा मित्र काहीच म्हणाला नाही, आणि तेच जास्त लागलं. पुढे तो जर्मनीला गेला. दरवर्षी वाढदिवसाला मेसेज, 'परत करूया कधीतरी.' आणि दरवर्षी माझ्या मनात एकच, पहिल्यासारखं थोडंच होणार आहे?

तर, पहिल्यांदा ऐकताना काय बिनसलं? मी हिंजवडीच्या बसमध्ये होते, कानात साधे इअरफोन, बाहेर हॉर्न. सुरुवातीच्या 'फार्मासिस्ट'मध्येच मॉलीचा आवाज गिटारच्या मागे बुडलेला वाटला. आधीच्या अल्बममध्ये आवाज कसा समोर, स्वच्छ. इथे कोणीतरी मिक्सर चालू ठेवून गातंय असं वाटलं. १४ गाणी चाळीस मिनिटांच्या आत येतात आणि जातात. उतरताना मला एकही आठवत नव्हतं.

दुसऱ्यांदा रात्री घरी, हेडफोन लावून ऐकलं. मग 'फार्मासिस्ट' उलगडलं. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. गावातल्या मेडिकलच्या दुकानात कोणाची तरी बहीण भेटते आणि कळतं, ती जुनी व्यक्ती गावात परत आलीये. बस, एवढंच. दिवाळीत गावी गेल्यावर किराणा घ्यायला गेलं की अशीच बातमी कळते ना? पुढचं सगळं गिटार सांगते. तो शेवटचा कर्कश सोलो म्हणजे पोटात पडलेला खड्डा आहे. तेव्हा कळलं की आवाज बुडालेला नाहीये. आपल्यालाच जरा कान देऊन ऐकावं लागतं.

या प्रकाराला शूगेझ म्हणतात. गिटारवाले खाली पायाशी ठेवलेल्या इफेक्ट पेडल्सकडे बघत वाजवायचे, म्हणून ते नाव पडलं. ऑलवेजने त्या गोंगाटाखाली अस्सल पॉप चाली ठेवल्यात.

सगळ्यात भारी गाणं 'बेलिंडा सेज'. बेलिंडा म्हणजे ऐंशीच्या दशकातली पॉपस्टार बेलिंडा कार्लाइल. गाण्यातली मुलगी गरोदर आहे, दूर कुठेतरी खेड्यात जाऊन बाळाला जन्म द्यायचा आणि नव्याने सुरू करायचं असं तिचं चाललंय. शेवटाकडे गाणं अख्खं वरच्या पट्टीत सरकतं. ही खूप जुनी युक्ती आहे, आपल्या हिंदी सिनेमातही असते. पण इथे ती पट्टी बदलते तेव्हा त्या मुलीने पाऊल उचललं असं वाटतं. माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

तक्रारही आहे. मधली काही गाणी एकमेकांत मिसळतात. 'व्हेरी ऑनलाइन गाय'ची गंमत, सतत ऑनलाइन असणाऱ्या माणसावरची, मला विषयातच जास्त वाटली, चालीत कमी. पण त्याउलट 'लॉटरी नॉइजेस' संथ आहे, आणि तिथे मॉलीचा आवाज पूर्ण मोकळा होतो.

आता रेकॉर्डिंगची गोष्ट, कारण मला हलवलं ते यानेच. निर्माता शॉन एव्हरेट. स्टुडिओतल्या दुसऱ्या दिवशी बँडने अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवला. दोन गाण्यांमध्ये फक्त १५ सेकंद थांबायचं. अर्धा तास विश्रांती, आणि परत एकदा अख्खा अल्बम. बाकीचे थर नंतर चढवले. विचार करा, डेमो चोरीला गेलेत, महिनोन्‌महिने एकत्र वाजवलेलं नाही, आणि ही माणसं तुकडे जोडत बसली नाहीत. एका खोलीत उभी राहिली आणि वाजवलं. अल्बममध्ये जी धावपळ ऐकू येते, जी मला आधी गोंधळ वाटली, ती मला वाटतं तिथून आलीये.

आणि चोरीला गेलेल्या डेमोंमध्ये काय होतं, ते आपण कधीच ऐकणार नाही. कदाचित जास्त चांगलंही असेल. पण मी तीन आठवडे ऐकलं ते हेच, आणि यात मला काही कमी वाटलं नाही.

भाऊबीजेच्या रात्री मी आमच्या जुन्या ग्रुपवर कॉल लावला. जर्मनीवाला उचलेल असं वाटलं नव्हतं, त्याने उचलला. आधी मी सॉरी म्हटलं, जे इतकी वर्षं धड म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला, "अगं, मी विसरलो पण होतो." खोटं बोलत होता, मला कळलं. मग चारपैकी एक गाणं आठवायला बसलो. ध्रुवपद तिघांनाही आठवत होतं, तेही तिघांना वेगवेगळं! दुसरं कडवं कोणालाच नाही. ते नवीन लिहिलं. कॉलवर एकत्र वाजवता येत नाही, आवाज मागेपुढे होतो, म्हणून एकेकाने आपापलं वाजवून पाठवलं. जुन्यापेक्षा बरं झालं का? नाही. पण झालं. आणि हो, ते आता तीन ठिकाणी सेव्ह आहे.

तुम्ही 'ब्लू रेव्ह' ऐकणार असाल तर बसमध्ये सुरुवात करू नका, हेडफोन लावून घरीच ऐका. शफल बंद करा, पहिल्या गाण्यापासून क्रमाने जा आणि निदान तीनदा ऐका. तिसऱ्यांदाही नाही आवडला तर मला खुशाल शिव्या घाला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, आणि बॅकअप घ्या रे बाबांनो!