कूपन हवे, पण आधी पाळणाघर हवे

पाळणाघरासाठी सरकारने आयांच्या हाती कूपन द्यावे, असे मघाशी एका भगिनीने सुचवले. अमेरिकेत 1990च्या कायद्यापासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अशी प्रमाणपत्रे मिळतात. पाळणाघर चर्चचे असो की शेजारणीच्या घरातले, निवड आई-बापांची. आजी सांभाळत असेल तर तिलाही मोबदला मिळू शकतो. ही मोकळीक मला आवडते.

पण ज्या गल्लीत पाळणाघरच नाही, तिथे कूपन चालवायचे कुठे? आपल्याकडे 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. घरी विड्या वळणारी, ओढण्यांना टिकल्या लावणारी बाई कुणाच्या हजेरीपटावर आहे? ती तर ‘घरीच असते’! नगावर मजुरी, म्हणून हात थांबवता येत नाही, आणि रांगते मूल शेजारीच सुई नाहीतर तंबाखूत हात घालते. मूल सांभाळणे हे बाईचेच काम, हे तर वाझमध्येही ऐकायला मिळते आणि कीर्तनातही.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीतच 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय आहे. आई नोकरी करते की नाही, ही अट त्यात नाही. म्हणजे घरकाम करणारीही हक्काने मागू शकते. तेव्हा भगिनींनो, उद्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत दहाजणी मिळून जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.