भ्यायची लाज नाही

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेलं निरूपण)

आम्ही चौथी शिकलेला माणूस. शेती करतो, आणि कुणी बोलावलं तर कीर्तनाला उभे राहतो. दिंडीला शंभर वर्षं झाली, पुस्तक निघतंय, त्यात तुमचे चार शब्द पाहिजेत, असं मंडळींनी सांगितलं. लिहिणं आमच्याच्यानं होत नाही. म्हणून आज जे बोलतोय तेच पोरं उतरून घेणार आहेत. कमी-जास्त झालं तर पदरात घ्या.

आजचा विषय भीतीचा आहे. तुम्ही म्हणाल, शताब्दीच्या आनंदात हा विषय कशाला काढला? त्याला कारण आहे. एका पोरीचा प्रश्न आमच्या डोक्यावर उधार राहिलाय. तो आज फेडायचाय.

करोनाची दोन वर्षं पायी वारी झाली नाही. २०२० साली माउलींच्या पादुका एस.टी.तून पंढरीला गेल्या आणि आपण घरात बसून टाळ वाजवले. २०२२ ला पुन्हा पाय रस्त्याला लागले. त्या साली तरडगावच्या मुक्कामाला रात्री पाऊस आला. नुसता पाऊस नव्हता, विजा कडाडत होत्या. पाल फडफडत होतं, खालून पाणी शिरलं होतं, अंथरुणं गोळा करून आम्ही सगळे मधल्या बांबूभोवती बसलो. एक सोळा-सतरा वर्षांची पोर होती. वीज चमकली की ती आजीच्या पदरात तोंड घालायची. दोन पोरं तिला हसली.

तेव्हा आमच्या दिंडीतली एक मावशी त्या पोरांवर डाफरली. म्हणाली, "हसताय काय रं? तुमच्यातला कोण भ्याला नाही आजवर? एकेकानं सांगा बघू, जल्मात सगळ्यात जास्त कवा भ्याला ते." आणि झाली सुरुवात. त्या रात्री आमच्या पालात कीर्तन झालं नाही, पण जे झालं ते आम्हाला कीर्तनाहून कमी वाटलं नाही.

पहिल्यांदा लातूरकडचे एक माळकरी बोलले. दरसाल ते आपल्यात चालतात. कधी फार बोलत नाहीत. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं. हे राखणीला रानात होते. पहाटेचे चार वाजायला आले आणि जमीन हलली. जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज आला म्हणाले. पळत गावाकडं आले तर गावच दिसंना. नुसता धुरळा. जुनी घरं दगड-मातीची, भिंती रुंद, वर मातीचं जड माळवद. सगळं खाली बसलेलं. स्वतःची गल्ली त्यांना ओळखू आली नाही.

आम्ही विचारलं, भूकंपाची भीती अजून वाटते का? ते म्हणाले, "महाराज, भूकंप तर कळायच्या आत संपला. भ्यालो ते नंतर. ढिगाऱ्यातनं चारी बाजूंनी आवाज येत होते, आणि माझे हात दोनच. आधी कुणाकडं जाऊ ते कळंना. मी नुसता उभा राहिलो. किती वेळ उभा राहिलो ते देवाला ठाऊक. त्या उभं राहण्याची भीती अजून जात नाही." आता ते सिमेंटच्या नव्या घरात राहतात. पण आजही दाराच्या तोंडाशी झोपतात. पालातसुद्धा त्यांची जागा कडेलाच असते. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, त्यांना वारा लागतो म्हणून.

मग शिरूरकडचा एक गडी बोलला. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री दोनला तो उसाला दारं धरत होता. सरी भरली म्हणून खोरं घेऊन वाकला आणि सहज बॅटरी फिरवली. बांधावर दोन डोळे. बिबट्या! म्हणाला, "ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच निघंना. पाय हलंनात. पाणी सरी फोडून पुढं चाललंय, मला दिसतंय, पण दारं मोडायला हात जाईना. जनावर गेलं तरी मी तसाच उभा. घरी आलो तर बायको म्हणाली, धोतर कशानं भिजलं? मी म्हणलं, दारं धरताना भिजलं." पाल हसून हसून फुटायची वेळ आली. तोही हसला. म्हणाला, हे खरं आज पहिल्यांदा सांगितलं.

मग ती मावशी, जिनं सुरुवात केली होती. करोनात तिच्या मालकाला दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता. कुणाला आत सोडत नव्हते. ही रानातल्या वस्तीवर एकटी. कुणी जवळ यायचं नाही, भाकरी बांधावर ठेवून जायचे. म्हणाली, "फोन वाजला की हात कापायचे. आणि नाही वाजला तरी कापायचे. फोन पदरात बांधून शेळीला पाला टाकायची. बावीस दिवस मी त्या फोनला भ्याले." मग थोडा वेळ गप बसली आणि म्हणाली, "त्योच मालक आता माझ्या मागं घोरतोय बघा. एवढ्या इजा होत्यात, पर जाग नाही." पुन्हा सगळे हसले. आणि ज्या पोरीला हसले होते तीही हसली.

तेवढ्यात त्या पोरीनं आमच्याकडं बघितलं. "आबा, तुम्ही एवढी कीर्तनं करता. तुम्ही कधी भ्यालात का?"

माउली, आम्ही त्या रात्री खोटं बोललो. आम्ही म्हणलं, "नाही बाळ. नाम घेणाऱ्याला भय नसतं." मंडळींनी माना डोलावल्या. विषय मिटला. पण आमची झोप गेली. कारण समोर बसलेल्या माणसांनी आपापलं काळीज उघडून दाखवलं होतं, आणि आम्ही गळ्यात तुळशीची माळ घालून आमचं झाकून ठेवलं. म्हणून आज विठोबाच्या दारात, तुम्हा सगळ्यांसमोर, खरं सांगतो.

आम्ही तेव्हा छत्तीस वर्षांचे होतो. थोरली पोर सात वर्षांची. हट्ट करून वारीला आली होती, सगळी वाट चालली. आषाढीची एकादशी, सकाळची वेळ. चंद्रभागेचं स्नान झालं आणि दिंडी नगरप्रदक्षिणेला निघाली. त्या दिवशीची गर्दी तुम्हाला ठाऊक आहे. मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. कारभारीण बायकांच्या घोळक्यात पुढं होती. पोर आमच्या हाताला. महाद्वाराच्या रस्त्याला भजनाला रंग चढला. आमच्या गळ्यात टाळ. टाळ वाजवायला दोन हात लागतात. आम्ही पोरीला म्हणलं, "माझ्या धोतराचा सोगा धर, सोडू नकोस." आणि तिचा हात सोडला.

पोरीनं सोडला नाही, माउली. आम्ही सोडला.

दोन चरण झाले असतील. मागं बघितलं तर सोगा मोकळा. पोर नाही.

आता आम्हाला सांगा, त्या वेळी आमच्या तोंडात काय यायला पाहिजे होतं? विठोबाच्या गावात, एकादशीच्या दिवशी, ओल्या अंगानं, गळ्यात टाळ. तोंडात नाम यायला पाहिजे होतं. आलं नाही. आम्ही नुसतं "ए... ए..." करत होतो. पोरीचं नावसुद्धा धड निघंना. लोकांना ढकलत उलटं निघालो. उलटं जाता येत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनात नदी आली. चंद्रभागेला पाणी होतं. ती पाणी प्यायला खाली गेली असंल का? त्यापुढं विचार करता आला नाही.

चौकीवर गेलो. हवालदारानं नीट विचारलं, "मुलीच्या अंगात काय आहे?" आम्हाला सांगता आलं नाही. परकर कुठल्या रंगाचा, पोलक्याला फुलं होती का नव्हती, काही आठवंना. अख्खा हरिपाठ आम्हाला तोंडपाठ. पण पोरीनं सकाळी काय घातलं होतं ते ठाऊक नव्हतं, कारण आम्ही बघितलंच नव्हतं. त्या क्षणाला जेवढे भ्यालो तेवढे पुन्हा कधी भ्यालो नाही. पोर हरवल्याची भीती होतीच. पण आपण पोरीकडं बघितलंच नाही, हे कळलं, त्याची भीती वेगळी होती.

कारभारणीला सांगितलं. तिनं आमच्यावर आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "तिला तान लागली असंल." ते वाक्य आजही ऐकू येतं.

चार तास गेले. पंढरीत त्या दिवशी भोंग्यावर सारखी नावं पुकारतात. अमुक गावच्या तमुकबाई, तुमची माणसं इथं थांबलीत, असाल तिथून या. एरवी ते कानावर पडतं आणि आपण पुढं जातो. त्या दिवशी प्रत्येक नावाला आमचं काळीज थांबत होतं. आणि मग आमच्या गावाचं नाव आलं.

पळत गेलो. मांडवात एक म्हातारी बसली होती, बाजूला तुळशीवृंदावन ठेवलेलं, आणि तिच्या मांडीवर आमची पोर शेंगदाण्याचा लाडू खात होती. म्हातारीला पोर रस्त्याच्या कडेला दिसली. तिनं आपली दिंडी पुढं जाऊ दिली. प्रदक्षिणा सोडली. पोरीकडून गावाचं नाव काढून घेतलं आणि भोंगेवाल्यांकडं नेऊन बसली. पोरीला तिथं सोपवून तिला जाता आलं असतं. ती गेली नाही. चार तास मांडीवर घेऊन बसली, कारण पोर अनोळखी माणसांत भिईल.

आम्ही पोरीला उचललं आणि रडत सुटलो. म्हातारी कुठली, कुठल्या दिंडीची, विचारायचं राहिलं. मान वर केली तर ती तुळस डोईवर घेऊन गर्दीत मिसळली होती.

आता ती पोर लेकुरवाळी आहे. मागं एकदा तिला धीर करून विचारलं, "त्या दिवशी फार भ्यालीस का गं?" ती म्हणाली, "नाही आबा. आजी गोष्ट सांगत होती. भ्याले ते तुम्ही आल्यावर. तुमचं तोंड बघून."

माउली, शास्त्राचा आधार म्हणाल तर लांब जायला नको. गीतेचा अकरावा अध्याय काढा. अर्जुनासारखा वीर. देव समोर उभा, देवानंच दृष्टी दिलेली. विश्वरूप बघितलं आणि अर्जुन थरथरला, हात जोडून म्हणाला, देवा, हे आवर, मला तुझं पहिलं रूप दाखव. देव त्याला रागावला का? एवढं नाम घेतोस आणि भितोस, असं म्हणाला का? नाही. त्यानं भ्यालेल्याला धीर दिला आणि ओळखीच्या, सौम्य रूपात परत आला. ज्ञानोबारायांनी हा अध्याय केवढ्या मायेनं सांगितलाय, तो ज्याचा त्यानं वाचावा. आम्ही एवढंच शिकलो, की भ्यालेल्या माणसापुढं देव ओळखीचं रूप घेऊन येतो. आमच्या पोरीपुढं तो नऊवारी लुगड्यात आला, लाडू घेऊन.

मग नामाचं काय? ज्या वेळी आमच्या तोंडात नाम नव्हतं, त्या वेळी ते त्या म्हातारीच्या तोंडात होतं. एकाचं सुटलं तर दुसऱ्याचं असतं. म्हणून तर दिंडी करून चालायचं. एकट्यानं पंढरी गाठता आली असती तर शंभर वर्षं ही पताका कशाला वाहिली असती?

म्हणून आमचं मागणं तीन गोष्टींचं. एक, ज्याच्या हाताला लेकरू आहे त्यानं गर्दीत टाळ घेऊ नये. विठोबा काही म्हणायचा नाही. दोन, निघायच्या आधी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आणि लेकरांच्या अंगावर काय आहे ते एकदा डोळे भरून बघावं, आणि गावाचं व दिंडीचं नाव, फोनचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात घालावा. तीन, पालात कुणी भ्यालं तर हसू नये. आपण कधी भ्यालो ते त्याला सांगावं.

त्या तरडगावच्या पोरीला आमचा निरोप आहे. बाळ, आम्ही भ्यालो होतो. फार भ्यालो होतो. त्या रात्री तुला खोटं सांगितलं, माफ कर.

आणि ती तुळसवाली म्हातारी आता असेल-नसेल. पण तिच्या गावचं, तिच्या दिंडीचं कुणी हे वाचत असेल. तुमच्या घरातल्या कुण्या आजीनं कधी सांगितलं असेल, की एका एकादशीला प्रदक्षिणा चुकली, एका परक्या पोरीपायी. तर तिच्या फोटोपुढं आमच्या नावानं एक फूल वाहा.

राम कृष्ण हरी.